डाव्या सीटचं वजन

दिवाळीचे आकाशकंदील एखाददुसऱ्या गॅलरीत अजून विसरून राहिलेले असतात. अशातच एका सकाळी नळाचं पाणी बोटांना चावतं आणि माझ्या मनात पहिला विचार येतो तो हा, की गिरणारे गावाच्या पुढचा मुरूम आता वाळला असेल. बाकीच्यांना कपाटातले स्वेटर आठवतात. मला तो तांबूस रस्ता आठवतो. वर खड्यांची बारीक पूड, खाली दगडासारखी घट्ट जमीन, आणि चाक त्यावर धरतंय की सुटतंय हे चाकालाही नक्की माहीत नसलेलं. त्यावर आता डांबर पडलंय म्हणतात. मी बघायला गेले नाही.

परवा माझी रोजची गाडी टायरच्या दुकानात नेली होती. हल्ली चाकांची मापं यंत्र घेतं, पडद्यावर हिरवे-तांबडे आकडे येतात. मी मागच्या चाकांचं विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, या गाडीत मागचं काही फिरवता येत नाही. कंपनीने दिलंय तसंच राहतं. आणि मागचं विचारतं कोण?"

मी हसले आणि बाहेर येऊन बाकावर बसले. समोर ऊन होतं, पण अंगाला लागत नव्हतं. त्या एका हिवाळ्यात मी मागच्या चाकांशिवाय दुसरं काही केलंच नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. अंबडच्या एका कारखान्यात मी स्प्रिंगांचे आराखडे करत होते, आजही तेच करते. लग्न केलं नव्हतं. सातपूर कॉलनीतल्या आमच्या जुन्या घरात एकटी राहत होते आणि घरामागे पत्र्याची एक शेड होती. माझा थोरला भाऊ, दादा, गंगापूर रोडला राहायचा. द्वारका चौकात त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. दुकान पोटासाठी, आणि मोटारींची रॅली जिवासाठी. त्याची पांढरी गाडी चार दारांची, साधीच, लोक लग्नाला जायला वापरतात तसली. आतून मात्र सगळं काढून टाकलेलं. लोखंडी नळ्यांचा पिंजरा, दोन सीटा, बाकी नुसता पत्रा. चालवायचा तो आणि डाव्या सीटवर बसून पुढची वळणं वाचून दाखवायची त्याची बायको, मंजू.

ती माझी वहिनी. पण त्याच्या आधी कितीतरी वर्षं ती माझी मंजू होती. इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलवर आमच्या खाटा शेजारी होत्या. येवल्याची मुलगी, वडील पैठण्यांचे व्यापारी, घरात सगळं रेशीम, आणि ही मात्र दोन सुती ड्रेस आलटूनपालटून घालायची. लग्न झाल्यावर आई म्हणाली, "आता वहिनी म्हणायचं हं." चारचौघांत मी वहिनी म्हणायचे. दोघीच असलो की मंजू. ती दोन्ही हाकांना सारखीच ओ द्यायची.

श्रावणात तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात ती गेली.

भेटायला येणारे दादाशेजारी बसत, त्याच्या पाठीवर हात ठेवत. मी चहा देत होते. निघताना प्रत्येक जण मला दाराशी सांगे, "भावाला सांभाळ गं." मी मान हलवायचे, कप गोळा करायचे, धुवायचे. कप पुष्कळ होते, ते एक बरं होतं.

मग दोनेक महिने दादा आलाच नाही. फोन केला की "बरंय" म्हणायचा. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी शेडपुढे ओळखीचं इंजिन थांबलं. मी बाहेर आले. तो गाडीतून उतरला, दाढी वाढलेली, अंगावर तिनेच विणलेला राखी स्वेटर. किल्ली माझ्या हातात दिली.

"मागचं बसवून दे," तो म्हणाला. "शेपूट हलता कामा नये."

हे वाक्य त्याच्या तोंडी ऐकून मला कसंतरी झालं. त्याचं कारण सांगते. पुढची चाकं गाडीला दिशा दाखवतात. ती दिशा गाडी कितपत मानणार, हे मागची चाकं ठरवतात. ती दोन्ही वरून पाहिल्यावर किंचित आत वळलेली ठेवली, तर गाडी सरळ, शहाण्यासारखी चालते, पण वळणावर हट्टी होते, नाक बाहेर बाहेर जातं. तीच किंचित बाहेर वळवली, तर वळणावर नुसता ॲक्सिलरेटर सोडला तरी मागचा भाग आपण होऊन झुलतो आणि गाडी फिरते. ज्याला सवय नाही त्याची भीतीने गाळण उडेल. दादाला कायम तशीच गाडी लागायची. "सैल ठेव गं, अजून सैल," म्हणून तो माझ्या मागे लागायचा आणि मी घाबरून थोडंसंच सैल ठेवायचे. आता तोच म्हणत होता, हलता कामा नये.

मी काही विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धत नव्हती.

तेव्हा माप घ्यायला यंत्र नव्हतं. गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँड उभे करून दोन दोरे ताणायचे, गाडीशी समांतर. मग लोखंडी पट्टीने दोऱ्यापासून रिमच्या पुढच्या कडेचं अंतर मोजायचं, मागच्या कडेचं मोजायचं. दोन्हींतला फरक म्हणजे चाकाचा कल. बोल्ट जरासा फिरवायचा, गाडी पुढे-मागे ढकलून स्प्रिंगा बसू द्यायच्या, पुन्हा मोजायचं. दोरा ताणताना पलीकडचं टोक धरायला कोणीतरी लागतं. ते टोक मंजू धरायची. त्या रविवारी दादाने धरलं. दोऱ्याच्या या टोकाला मी, त्या टोकाला तो, मधे पांढरी गाडी, आणि शेजारच्या घरातला रेडिओ. तेवढाच आवाज.

दोरे लावल्यावर दिसलं की गाडी तिरकी उभी आहे. आधी वाटलं, फरशीच वाकडी. मग लक्षात आलं, दादा सवयीने उजव्या सीटवर जाऊन बसला होता आणि डावी सीट रिकामी होती. गाडीच्या चारही स्प्रिंगांची उंची मी दोघं बसलेली धरून लावलेली होती. एक माणूस नाही म्हटल्यावर ती उजवीकडे झुकली होती, डावं अंग थोडं वर, ओझं उतरवलेल्या बैलासारखं.

"डावीकडचं खाली घे," दादा आतूनच म्हणाला. "मी एकटाच आहे आता."

"रॅलीत शेजारी माणूस लागतोच, दादा. नियमच आहे."

"रॅलीचं कोण बोलतंय?"

मी पाना खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. मागची चाकं त्याने सांगितली तशी आत वळवली, स्प्रिंगांना मात्र हात लावला नाही. त्याला तसं सांगितलंही.

"ती उंची मी बदलणार नाही," मी म्हटलं.

त्याने इंजिन चालू केलं. गाडी तशीच तिरकी घेऊन गेला.

त्यानंतरचे रविवार मला एकात एक मिसळलेले आठवतात. पहाटे निघायचं नाही, दव असतं, ऊन वर आल्यावर निघायचं. गिरणाऱ्यापर्यंत दोन्हीकडे द्राक्षबागा, छाटणी होऊन नवी पालवी आलेली, औषधफवारणीचा घशात बसणारा वास. पुढे बागा संपतात, डोंगर जवळ येतात, भाताची खाचरं मोकळी झालेली, खळ्यांवर झोडणी चाललेली. तिथून एक मुरमाचा रस्ता फुटायचा, वाड्यांना जोडणारा, दुपारी सहसा कोणी नसलेला. एका लांब डाव्या वळणाच्या बाहेर एक मोठा खडक होता. मी त्या खडकावर बसायचे आणि दादा ते वळण पुन्हा पुन्हा घ्यायचा. मी मागच्या चाकांकडे बघायचे.

गाडी अगदी ठीक होती. हे मी आजही शपथेवर सांगेन. मागचा भाग रुळावरून चालल्यासारखा यायचा. धूळसुद्धा सरळ रेषेत उडायची. पण दादा वळणाच्या कितीतरी आधीच वेग कमी करायचा, आणि दर वेळी येऊन काच खाली करून सांगायचा, "अजून हलतंय."

मी शेडमध्ये नेऊन आणखी आत वळवायचे. शॉकॲब्सॉर्बर बदलून पाहिले. मागची आडवी दांडी काढून टाकली, म्हणजे मागचं अंग आणखी मऊ होईल आणि जमीन धरून राहील. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. "हलतंय."

एकदा मी घरून वाळूची पोती भरून आणली, डाव्या सीटवर ठेवली आणि सीटबेल्टने आवळली. म्हटलं, वजन समान झालं की त्याला बरं वाटेल. दादा पाणी पिऊन गाडीशी आला. दार उघडून बघत राहिला. बेल्ट पोत्याच्या पोटावरून गेलेला, बक्कल लागलेलं. त्याने अगदी हळू ते सोडवलं, एकेक पोतं उचलून रस्त्याच्या कडेला ठेवलं. आपटलं नाही की काही नाही.

"पोती नकोत, अनू," तो म्हणाला.

मी खडकावर जाऊन बसले. थंडीत दगड बराच वेळ गार राहतो, हे मला त्या हिवाळ्यात कळलं.

त्या वळणाजवळ गवताने शाकारलेला एक झाप होता. तिथली म्हातारी रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर नागली, म्हणजे नाचणी, वाळवायची. आमच्या गाडीची तिला सवय होती. आधीच्या वर्षीही ती तिथेच असायची आणि मंजू उतरून तिच्याशी बोलत बसायची. त्या दिवशी दादा गाडी वळवायला थांबला, तेव्हा ती काठी टेकत काचेशी आली.

"ती बाय नाय आली? कागुद वाचनारी?"

मी खडकावरून उठले. मला वाटलं आपण मधे पडावं, काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी. तेवढ्यात दादाने हेल्मेट काढलं.

"ती वारली, आजी. श्रावणात."

हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. घरी येणाऱ्यांना ते माहीत असायचं, त्याला सांगावं लागलंच नव्हतं.

म्हातारीने थोडा वेळ गाडीच्या आत, रिकाम्या सीटकडे बघितलं. मग म्हणाली, "मंग तू येकलाच कोनाशी बोलतूस आत?"

"कोणाशीच नाही."

"तं मंग चुकनारच," ती म्हणाली आणि नागली हलवायला परत गेली.

दादा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मी जवळ गेले. मंजूचं हेल्मेट अजून गाडीतच होतं, त्याची वायर पिंजऱ्याच्या नळीला गुंडाळून ठेवलेली. रॅलीच्या गाडीत इतका आवाज असतो की दोघांना इंटरकॉमवरूनच बोलावं लागतं, हेल्मेटमध्येच माईक आणि कानात स्पीकर.

"तू हा इंटरकॉम चालू ठेवतोस?" मी विचारलं.

"हो."

"कशाला?"

"बंद केला की कान बंद झाल्यासारखे वाटतात. चालू ठेवला की स्वतःचा श्वास ऐकू येतो. वळणात शिरलो की तो वाढतो. मला वाटतं, गाडी सुटली."

तर हे हलत होतं. मी इतके आठवडे पट्टी घेऊन ज्याच्या मागे होते, ते हे. मी गाडीच्या पलीकडून गेले, डावं दार उघडलं, मंजूचं हेल्मेट घातलं आणि तिच्या जागी बसले. हेल्मेटच्या अस्तराला अजून तिच्या तेलाचा वास होता. बेल्ट आवळायला फारसा लागला नाही. आमच्या अंगलटी सारख्याच होत्या.

"जाऊ दे," मी माईकमध्ये म्हटलं.

मला वळणं वाचायला कधी जमलं नाही. मंजू बातम्या दिल्यासारखी सपाट आवाजात वाचायची, तिसरं वळण येण्याआधी चौथं सांगून मोकळी. मी तिने लिहून ठेवलेल्या कागदावरची ओळ शोधेपर्यंत वळण मागे पडलेलं असायचं. पहिल्याच दिवशी मला ओकारी झाली आणि दादाने रस्त्याच्या कडेला थांबून मला पाणी दिलं. पण मान खाली घालून कागदाकडे बघत बसलं, की एक गोष्ट होते. डोळ्यांना रस्ता दिसत नाही, त्यामुळे गाडी पाठीला आणि बैठकीला कळायला लागते. मागचं चाक धरून आहे, आता ढिलं पडतंय, आता सुटलं, आता परत धरलं, हे सगळं मणक्यातून वर येतं. इतकी वर्षं मी बाहेर उभी राहून मागची चाकं बघत होते आणि मंजू त्यांच्यावर बसून होती. दादा गाडी सैल मागायचा, ते तिच्या सांगण्याच्या भरवशावर, हे मला तेव्हा उमगलं. शेपूट कुठवर जाईल आणि कुठे थांबेल, हे ती त्याला सांगू शकत होती.

मग मी वळणं वाचायचं सोडलं. जे कळत होतं तेच बोलायला लागले. "धरून आहे. धरून आहे. आता सुटतंय. सुटू दे. धरलं." एवढंच. दादाचा श्वास मला माझ्या कानात ऐकू यायचा. पुढच्या काही रविवारांत तो खाली खाली येत गेला.

दर रविवारी संध्याकाळी शेडमध्ये आम्ही मागची चाकं केसभर बाहेर आणत होतो. काढून टाकलेली आडवी दांडी पुन्हा बसवली. दोऱ्याचं पलीकडचं टोक तो धरायचा. डिसेंबर संपता संपता एका दुपारी त्याने तेच लांब डावं वळण घेतलं, आत शिरताना ॲक्सिलरेटर सोडला आणि मागचा भाग सावकाश, रुंद झुलला. धुळीची मोठी कमान उठली. खडक दादाच्या बाजूच्या काचेतून जवळ आला, मागे गेला. मी "सुटू दे" म्हणायच्या आतच त्याने सुटू दिलं होतं.

जानेवारीत चांदवडच्या बाजूला एक रॅली होती. आम्ही नाव दिलं. तिथल्या रस्त्यांवर आधी दोन-तीनदा फिरून आलो होतो, त्यामुळे वळणं मला बऱ्यापैकी पाठ झाली होती. जिंकलो वगैरे नाही. मधेच कुठेतरी आलो, एका टप्प्यात मी चुकीचं वळण सांगितलं आणि आम्ही कांद्याच्या शेतात गेलो. शेतकऱ्याने आणि त्याच्या बायकोने ढकलून बाहेर काढलं, वर आम्हालाच विचारलं, लागलं नाही ना. शेवटच्या टप्प्यात एका चढावर, पुढचं काही दिसत नसताना, दादा म्हणाला, "मंजू, पुढे काय?"

"उजवं, उघडं, मग लगेच डावं," मी सांगितलं.

उजवं आलं, उघडं होतं, मग लगेच डावं.

ती त्याची शेवटची रॅली. उन्हाळ्यात कोइमतूरहून बोलावणं आलं, नव्या चालकांना शिकवायचं काम. त्याने दुकान दिलं, गाडी दिली आणि तो गेला. आजही तिथेच असतो. तमिळ बरी येते म्हणतो. रविवारी फोन करतो, हवापाण्याचं विचारतो, मी सांगते इथे थंडी पडली, तो सांगतो इथे पडत नाही. शेडच्या पत्र्यावर मी आता वाळवणं घालते. रविवार मोठा असतो. ती गाडी नगरच्या माणसाने घेतली होती. पुढे तिचं काय झालं, कळलं नाही.

पण चांदवडहून परतताना जे झालं, ते मला सांगायचंय. पिंपळगावच्या अलीकडे आम्ही एका टपरीवर चहाला थांबलो. दोघांच्या केसांत धूळ, भुवयाही तांबड्या. दादा ग्लास दोन्ही हातांत धरून उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझी मैत्रीण होती ती आधी."

मी चहावरची साय बाजूला केली.

"माझी बायको होण्याच्या आधी. इतके महिने झाले, तुला कोणी विचारलंच नाही. मीही नाही."

टपरीवाल्याने पैशांसाठी हात पुढे केला होता, त्याने तो आपणच मागे घेतला. मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. ट्रक जात होते. श्रावणापासून मी कोणासमोर रडले नव्हते. कप धुताना, दोरे ताणताना, कशातच नाही. दादा शेजारी नुसता उभा राहिला. पाठीवर हात वगैरे ठेवणं त्याला कधी जमलं नाही. माझा चहा गार झाला तसा त्याने दुसरा सांगितला.

गाडीत बसल्यावर म्हणाला, "हॉस्टेलवर कशी होती ते सांग."

हेल्मेट घातली नव्हती, त्यामुळे इंजिनाच्या वरताण ओरडूनच बोलावं लागत होतं. मी ओरडून सांगायला लागले. मेसच्या वरणात ती येवल्याहून आणलेला काळा मसाला कसा चोरून टाकायची, परीक्षेच्या आदल्या दिवशी हमखास कशी केस धुवायची. ओझर गेलं. आडगाव गेलं. द्वारकेला नेहमीची गर्दी होती, रिक्षा, ट्रॅव्हल्सच्या बसगाड्या, हॉर्न. सगळे या धुळीने माखलेल्या गाडीकडे आणि आत ओरडून बोलणाऱ्या बाईकडे बघत होते.

"तू पहिल्यांदा हॉस्टेलवर आलास, मला फराळाचा डबा द्यायला, आठवतं?" मी म्हटलं. "तू गेल्यावर ती मला म्हणाली, तुझा भाऊ किती बोलतो गं. कान किटले."

सिग्नल सुटला होता. मागच्या रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. दादा माझ्याकडे वळून बघत होता.

"मी?" तो म्हणाला. "मी बोलायचो?"

"खूप."

त्याने गाडी पुढे घेतली. सातपूरला घराशी आलो, तरी इंजिन बंद केलं नाही. "मग?" तो म्हणाला. "अजून काय म्हणाली?"